मदत हवी आहे : वाचनालयाचा बालविभाग पुन्हा सुरू करण्याबाबत

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यता असलेल्या आमच्या ‘ब’ वर्ग तालुका वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती ज्येष्ठांची आणि दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांची गर्दी असते. बालविभागाच्या कपाटाला मात्र कुलूप असते, कारण मुले पुस्तके फाडतील अशी धास्ती आहे (ती अगदीच निराधार नाही). १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनापासून दर शनिवारी गोष्टींचा तास सुरू करावा आणि मुलांना अनामत न घेता पुस्तके घरी न्यायला द्यावीत, असा प्रस्ताव मी कार्यकारी मंडळापुढे मांडणार आहे. ग्रंथपाल एकट्याच असल्याने देवघेव सांभाळून हे कसे जमवावे, तसेच फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांचे निर्लेखन (म्हणजे ती दाखल नोंदींतून रीतसर कमी करणे) आपण कसे करता, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर कळवावे.