लंडनचा सॉलिसिटर मुंबईतल्या लवादात चालेल का?

प्रश्न: लवादाची (कोर्टाबाहेर तंटा सोडवण्याची) सीट, म्हणजे कायदेशीर ठिकाण, मुंबई; कराराला इंग्लंडचा कायदा. सुनावणीला लंडनचे सॉलिसिटर येणार आहेत. बार कौन्सिलची (वकिलांची नियामक संस्था) नोंदणी लागेल?

उत्तर 1: अधूनमधून येणार असतील तर नाही. मर्यादा कोणत्याही 12 महिन्यांत 60 दिवस. कॅलेंडर वर्ष धरलं की हिशेब हमखास चुकतो. इथे ऑफिस थाटता येत नाही.

उत्तर 2: खरी अडचण कोर्टात येते. भारतीय लवाद कायद्याच्या कलम 9 चा अंतरिम (तात्पुरत्या आदेशाचा) अर्ज असो की कलम 34 खाली लवादाच्या निवाड्याला आव्हान, उभा राहणार इथलाच वकील. त्याचा वकालतनामा (वकीलपत्र) आत्ताच सही करून ठेवा. आव्हानाला 3 महिने, वर फार तर 30 दिवस. पुढे एक दिवसही माफ नाही.

उत्तर 3: ही मुदत निवाड्याची सहीची प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून मोजतात, वकिलाला मिळाल्यापासून नव्हे. पोच जपून ठेवा.