घरात किती भाषा नांदतात? तुमचा अनुभव लिहा

मातृभाषा टिकली पाहिजे यावर इथे कुणाचं दुमत नसणार, तेव्हा ते सोडून देऊ. संध्याकाळी तुमच्या घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत भांडतं, पोर कशात उत्तर देतं, काय जमलं, काय बारगळलं, ते लिहा. सुरुवात मीच करतो.

बेंगळुरू
मी सांगलीचा, बायको धारवाडची. ठरलं असं की मी लेकीशी मराठीच बोलायचं, तिनं कन्नडच. आम्हा दोघांचं आपसात इंग्रजी. ते तिला शिकवायचं नव्हतं, पण आमची भांडणं ऐकून तेच आधी उचललं! प्लेस्कूलच्या बाईंनी ‘घरी इंग्रजी बोला, मूल गोंधळेल’ असं सुचवलं होतं. आम्ही नुसती मान डोलावली. पोरगी गोंधळत वगैरे काही नाही. ‘अम्मा, नीरु बेकु’ म्हणते आणि तिथल्या तिथे मान वळवून ‘बाबा, पाणी दे’. कन्नडमध्येही ‘ळ’ असल्यामुळे केळं आणि बाळ स्वच्छ येतं. दिल्लीत वाढलेला माझा भाचा मात्र अजून ‘केला’ खातो. गाडी अडते ती नपुंसकलिंगाशी. ‘माझी पुस्तक’ चालूच आहे, मीही दर वेळी टोकत नाही.

म्युनिक
आम्ही दोघंही मराठी, त्यामुळे काही करावंच लागणार नाही अशी समजूत होती. मुलगा किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जायला लागला आणि वर्षभरात आमच्या मराठी प्रश्नांना जर्मन उत्तरं यायला लागली. कळत सगळं होतं. बालरोगतज्ज्ञ बाईंनी उलट बजावलं की तुमची मोडकी जर्मन त्याला ऐकवू नका, तुमच्या भाषेत भरपूर बोला.

शनिवारच्या मराठी वर्गाचं म्हणाल तर पोरं मधल्या सुटीत आपसात जर्मनच बोलतात. फरक पडला तो आजीमुळे. तिला जर्मन येत नाही आणि शिकायचीही नाही, त्यामुळे रविवारी व्हिडिओ कॉलवर पत्ते खेळायचे तर ‘हुकूम कुठला?’ हे मराठीतच विचारावं लागतं. आजी खोटं खेळते, म्हणून वाद घालण्यापुरतं मराठी तर फारच सुधारलं. अंकांत एक गंमत झाली. जर्मनमध्येही एकवीसचा एक आधी आणि वीस मागून, त्यामुळे एकवीस ते अठ्ठावीस सहज बसलं. एकोणतीसला घोडं अडलं, कारण जर्मन तिथेही ‘नऊ आणि वीस’च म्हणते.

फोंडा
आमच्याकडे हा प्रश्न कुणी प्रश्न म्हणून विचारतच नाही. घरात कोंकणी, देवळात आरती-भजन मराठी, आजोबांचं वर्तमानपत्र मराठी, शाळा इंग्रजी. कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७च्या कायद्यावरून मोठी माणसं चतुर्थीला अजूनही तावातावाने बोलतात. मुलं तेवढ्यात नेवऱ्या संपवतात.

पुणे (मूळ धुळे जिल्हा)
माझं गाऱ्हाणं उलटं आहे. आमच्या घरची भाषा अहिराणी, आणि ती मागे सारली ती मराठीनेच. आई-वडिलांनी आमच्याशी मुद्दाम ‘शुद्ध’ बोलायचा आग्रह धरला, शाळेत हसू होऊ नये म्हणून. आपसात मात्र ते अहिराणीत बोलायचे, म्हणून मला निदान कळते तरी. आता वडील नातवाला फोनवर ‘काय करी ऱ्हायना रे?’ विचारतात आणि तो खुदकन हसतो. हसण्यात टिंगल नाही, त्याला ती मजेची भाषा वाटते. मी सुटीत त्याला महिनाभर गावी ठेवते. तिकडून येतो तेव्हा चार-पाच दिवस अहिराणीत बोलतो, मग इमारतीतल्या मुलांच्या हिंदीत सगळं वाहून जातं. मराठीसाठी निदान शाळेतल्या सक्तीचा २०२०चा कायदा आहे. अहिराणीसाठी माझे वडील आहेत.

चेन्नई
सासर तंजावरी मराठी. त्यांचं मराठी तिकडे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांच्या काळापासूनचं, तमिळच्या चालीत बोललेलं. सासूबाईंना देवनागरी वाचता येत नाही, तमिळ लिपी येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला निम्मंच समजलं होतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. मुलीनं आजीचंच मराठी उचललं आहे आणि माझ्या माहेरी ठाण्याला गेलं की सगळे तिचं बोलणं दुरुस्त करायला धावतात. मी त्यांना थांबवते. वाचायला मात्र मी शिकवलं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. तिथे तिनं बोट ठेवून दोन-तीन शब्द लावले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘आता सगळं वाच.’ अर्ध्या ओळीत दमली.

न्यू जर्सी
वरच्या सगळ्यांना विचारायचं आहे. थोरलीचं मराठी उत्तम झालं, कारण शाळेत जाईपर्यंत घरात दुसरी भाषाच नव्हती. धाकट्याच्या वेळी थोरली शाळेतून इंग्रजी घेऊन आली आणि आता दोघं दिवसभर त्यातच खेळतात. आमच्याशी मराठी, एकमेकांशी इंग्रजी. खेळ थांबवून ‘मराठीत बोला’ म्हटलं की दोघं गप्पच होतात, म्हणून तेही सोडलं. दोन मुलं असणाऱ्यांनी जरा लिहा, भावंडांचं आपसातलं बोलणं कुणाला वळवता आलं आहे का?