परदेशी विद्यार्थिनी घरी राहायला येत आहे आणि तिला गहू चालत नाही : मदत हवी आहे (इंदूर)

रामबागकर :
नमस्कार. विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून एक परदेशी मुलगी येत्या रविवारी आमच्या घरी राहायला येत आहे. तिचे ठरलेले यजमान कुटुंब घरातील आजारपणामुळे ऐनवेळी थांबले, तेव्हा आम्हाला विचारणा झाली आणि आम्ही त्याच दिवशी होकार दिला. खोली तयार आहे, शाळेचे काम झाले आहे. काल हाती आलेल्या माहितीपत्रकात मात्र 'गहू चालत नाही' अशी एक ओळ आहे. आमच्याकडे दोन्ही वेळा पोळ्या होतात, डब्यात पोळीभाजीच जाते आणि रविवारी दाल-बाफले (वरणासोबत कणकेचे गोळे) ठरलेले असतात. स्वयंपाक आजही माझी ७४ वर्षांची आई पाहते आणि परक्या देशातून आलेले लेकरू आपल्या घरात अर्धपोटी राहील की काय, या विचाराने ती दोन दिवस अस्वस्थ आहे. पोळीऐवजी रोज काय काय करता येईल, एवढेच मला हवे आहे. दिवस थोडे आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

जुनी_वही :
पोळीऐवजी काय, हे सांगणे सोपे आहे, पण त्याआधी 'चालत नाही' म्हणजे नेमके काय ते कळले पाहिजे. आवडत नाही, पचत नाही, गव्हाची अ‍ॅलर्जी आहे की सीलिएक (गव्हामुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे? चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीसाठी स्वयंपाकघर वेगळ्या पद्धतीने चालवावे लागते. मुलगी कोणत्या देशाची आहे, किती दिवस राहणार आहे, तिच्या डॉक्टरांचे पत्र सोबत आहे का, हेही लिहावे.

मातीशी_नाते :
माझा अनुभव सांगतो. दोष गव्हाचा नसून आजच्या संकरित वाणांचा आहे. आम्ही चार वर्षांपासून घरी फक्त खपली गहू वापरतो आणि माझी पोटफुगी पूर्णपणे गेली. आपण तर माळव्यात राहता, जिथला कठिया गहू नावाजलेला आहे. तो दगडी जात्यावर दळून, कणीक तीन तास भिजवून केलेल्या पोळ्या मुलीला आधी अर्धी, मग एक अशा देऊन पाहाव्यात. हवापाणी बदलले की बाहेरच्या मुलांना पुष्कळ गोष्टी सोसू लागतात.

ग्वाल्हेरची_आई :
वरील सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. माझ्या मुलाला सातव्या वर्षी सीलिएकचे निदान झाले, आज तो एकोणीस वर्षांचा आहे, त्यामुळे ही बारा वर्षे मी रोज हेच जगले आहे. खपली, कठिया, बन्सी, शरबती या सगळ्या गव्हाच्याच जाती आहेत आणि सगळ्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते जवात आणि राय या धान्यातही असते. सीलिएकमध्ये ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. ते सवयीने सुटत नाही आणि भिजवण्याने किंवा दगडी जात्यानेही सुटत नाही. त्यावर आज एकच उपचार आहे, तो म्हणजे आयुष्यभर काटेकोर पथ्य. 'अर्धी पोळी देऊन पाहा' हे वाक्य आमच्याही घरी एका नातेवाइकांनी उच्चारले होते आणि त्यानंतरचे आठ दिवस मला अजून आठवतात.

मातीशी_नाते :
आपल्या मुलाविषयी वाईट वाटले, परंतु आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे गहू खाल्ला आणि तेव्हा हा आजार कोणी ऐकला नव्हता, हेही खरे आहे.

ग्वाल्हेरची_आई :
ऐकला नव्हता, कारण त्याचे मूळ ठाऊक नव्हते. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी याचा संबंध गव्हाशी जोडून दाखवला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची ही आजारी मुले इतरांसारखी खंगली नाहीत, उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. त्याआधी अशी अनेक मुले केवळ 'अशक्त' म्हणून ओळखली जात आणि त्यांतली बरीच दगावत. आपल्याकडची किती 'अशक्त' मुले अशीच गेली असतील, याचा विचार मी बरेचदा करते. रामबागकर, आपण आधी मुलीच्या आजाराचे नाव कळवा.

रामबागकर :
क्षमा करा, 'गहू चालत नाही' एवढे पुरेसे आहे असे मला वाटले होते. आज संस्थेकडून पूर्ण कागद मागवले. मुलगी इटलीची आहे, सतरा वर्षांची आहे, दहा महिने राहणार आहे आणि तिला सीलिएकच आहे. डॉक्टरांचे पत्र आहे. घरात आम्ही पाच जण आहोत : आई, आम्ही दोघे, दहावीतला मुलगा आणि माझी धाकटी बहीण. स्वयंपाकघर एकच आहे आणि फार मोठे नाही. आईचे माहेर जळगावचे असल्यामुळे ज्वारीची भाकरी तिला उत्तम येते, तेव्हा पोळीचा प्रश्न सुटला असे मी धरून चाललो आहे. काही राहिले असल्यास सांगावे.

दांडिया_बाजार :
मी वडोदऱ्यातून लिहितो आहे. आमच्या घरी दोन वेळा परदेशी विद्यार्थी राहून गेले. परदेशी व्यक्ती घरी उतरल्यापासून २४ तासांच्या आत तिच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन नोंदवावी लागते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हा नियम फक्त हॉटेलांसाठी आहे असा समज असतो, पण तो घरांनाही लागू आहे. शिवाय १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना आल्यापासून १४ दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती आणि घराच्या पत्त्याचा पुरावा आजच एकत्र करून ठेवावा.

जुनी_वही :
काका, प्रश्न स्वयंपाकाचा आहे.

दांडिया_बाजार :
मला ते दिसते आहे. परंतु यजमान ऐनवेळी बदलले आहेत, म्हणजे आधीच्या कागदांवर दुसऱ्या घराचा पत्ता असण्याची शक्यता आहे. पहिल्या वेळी आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते आणि पाहुण्या मुलाला घेऊन मी दोन दिवस खेटे घातले. ते यांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी लिहिले.

ग्वाल्हेरची_आई :
रामबागकर, भाकरीने प्रश्न सुटलेला नाही, त्याची फक्त सुरुवात झाली आहे. शांतपणे वाचा आणि आईंनाही वाचून दाखवा.

सर्वांत आधी हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंकाबरोबर मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते आणि बहुधा मैदाच. म्हणजे आपण मुलीला वरण-भात वाढून निश्चिंत होतो आणि फोडणीतून तिच्या पोटात गहू जातो. आमच्याकडे पहिले चार महिने मुलाचे पोट का सुधारत नाही ते कळत नव्हते, ते याच हिंगामुळे. डबीवरचे घटक वाचून तांदळाच्या पिठातला हिंग घ्या, नाहीतर तिच्या फोडणीत हिंग घालूच नका. लोणची, पापड, जिरावण (पोह्यांवर घालायचा मसाला), तयार मसाले या सगळ्यांत हिंग असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चक्की. ज्वारी स्वतः निर्दोष आहे, पण ज्या चक्कीत आधी गहू दळला, तिच्यात दळून आणलेली ज्वारी निर्दोष राहत नाही. बेसन आणि तांदळाची पिठी यांनाही हेच लागू आहे. आपल्याकडे खाद्यपदार्थावर ग्लूटेनमुक्त असे लिहायचे असेल, तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. यावरून चक्कीतल्या मूठभर कणकेचा हिशेब लक्षात येईल.

मग भांडी. पोळपाट-लाटणे, लाकडी परात, लोखंडी तवा, पिठाची चाळणी आणि लाकडी कलथा या वस्तू तिच्यासाठी नव्याच घ्या, कारण त्यांच्या चिरांतले पीठ धुऊन जात नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे काही तळू नका. तूप, लोणी, लोणचे यांत पोळी वाढलेल्या हाताचा चमचा जाऊ देऊ नका. आणि थालीपिठाची भाजणी भाकरीसारखीच वाटली, तरी तिच्यात बहुतेक घरी गहू असतो.

चुकून पोटात गेलेच तर घाबरून जाऊ नका. अ‍ॅलर्जीत जसा क्षणात श्वास अडकण्याचा धोका असतो, तसे हे नाही. उलट्या-जुलाब झाले तर क्षारसंजीवनी द्यावी, विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना विचारावे. पण 'काही झाले नाही' म्हणजे इजा झाली नाही, असे मात्र समजू नये. लक्षण न दिसताही आतडे दुखावते.

मुक्ताई_पुणे :
मला वाटते, दहा महिने घरातून गहूच काढून टाकावा. एका मुलीसाठी पाच जणांनी तेवढे केले तर तिला आपण वेगळे आहोत असे वाटणार नाही. पाहुणचार म्हणतात तो हाच.

जुनी_वही :
मी याच्याशी सहमत नाही. ७४ वर्षांच्या बाईंच्या ताटातली पोळी काढून घेणे हा पाहुणचार नव्हे, आणि आपल्यामुळे आजींची पोळी गेली हे कळल्यावर त्या मुलीला रोजचा घास गोड लागणार नाही. दहावीतल्या मुलाच्या डब्याचे काय करायचे, हाही प्रश्न आहेच.

मुक्ताई_पुणे :
मग ओट्यावर पोळ्या लाटताना उडणारे पीठ कसे थांबवणार, ते सांगा. मन राखण्यापेक्षा आतडे राखणे महत्त्वाचे आहे.

जुनी_वही :
तेच सांगते. रामबागकर, आपल्या आईंना हा आजार समजावून सांगण्याची गरजच नाही. त्यांना सोवळे म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? नैवेद्याचे भांडे निराळे, त्याला खरकटा हात लागायचा नाही, त्याचा स्वयंपाक सर्वांआधी आणि त्याचे फडके दुसऱ्या कशाला वापरायचे नाही. आपल्या सीलिएकच्या सूचना अक्षरशः ह्याच आहेत. सोवळ्यातले मला काय पटते आणि काय पटत नाही, हा वेगळा विषय आहे. परंतु जी शिस्त डॉक्टर सहा महिन्यांत शिकवू शकत नाहीत, ती आपल्या आईंच्या हातात साठ वर्षांपासून आहे. त्यांना एवढेच सांगा की हे त्या मुलीचे सोवळे आहे. मुलीचा स्वयंपाक आधी, पुसलेल्या ओट्यावर करायचा, तो झाकून वरच्या फळीवर ठेवायचा आणि मगच कणकेचा डबा उघडायचा.

आणि उपासाची फळी आठवा. वरीचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी यांत ना गहू असतो, ना हिंग. पहिले आठ-दहा दिवस, बाकीची व्यवस्था लागेपर्यंत, आई डोळे मिटून हे करू शकतील. पिठांचे मात्र तेवढे चक्कीचे पाहा.

ग्वाल्हेरची_आई :
ताई, सोवळ्याची ही गोष्ट मला बारा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती, तर माझ्या सासूबाईंशी झालेले कितीतरी वाद टळले असते. मी त्यांच्यापुढे अहवाल वाचत बसले होते. फक्त एक भर घालते : मुलीला अन्न वेगळे वाढले तरी पंगत वेगळी नसावी. तिचे पान सर्वांबरोबरच मांडा आणि तिला आधी वाढा. आणि उपासाचेच पदार्थ फार दिवस नकोत, त्यात स्टार्च फार असतो. ज्वारी, बाजरी, मका, डाळी, अंडी चालत असतील तर अंडी, भाज्या आणि दही यांवर भर असावा.

सराफ्याचा_वाटसरू :
इंदूरला येऊन पोहे-जिलेबी न खाता मुलगी परत जाणार, याचे मला मनापासून वाईट वाटते. सराफ्यातला (रात्रीच्या खाऊबाजारातला) भुट्ट्याचा कीस तर मक्याचाच असतो, गराडूही कंदच आहे. ते तरी खाऊ द्यावे.

ग्वाल्हेरची_आई :
पोहे घरी करावेत, कारण पोहे तांदळाचेच असतात. कीसही घरी करावा. बाहेर हिंग कोणता, तेल कोणते, हे विचारून खात्रीचे उत्तर मिळत नाही. सराफ्यात तिला फिरायला जरूर न्या, पण घरून जेवून.

मुक्ताई_पुणे :
मुलीला आपण हिंदी शिकवणार की मराठी? आमच्या ओळखीत एकांनी दोन्ही एकदम सुरू केल्या आणि तो मुलगा गोंधळून गेला होता.

रामबागकर :
भाषेचे नंतर पाहू. सर्वांचे आभार मानण्याआधी काय झाले ते सांगतो. काल रात्री मुलीशी आणि तिच्या आईशी आम्ही व्हिडिओवर बोललो. मी शाळेच्या वेळा वगैरे सांगत होतो, तेवढ्यात आईने फोन हातात घेतला आणि बहिणीला दुभाषी करून थेट विचारले की, तू घरी काय खातेस. तिने भात आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पदार्थ सांगितला. आईने त्यावर कण्यांचे वर्णन केले आणि दोघी बराच वेळ हातवारे करत राहिल्या. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी होते. ज्या घरात ती आधी जाणार होती, तिथे याविषयी बोलणे झाले होते आणि घर बदलल्यावर तो विषय पुन्हा कोणी काढेल की नाही, या काळजीत त्या होत्या.

आज सकाळी आईने वरची फळी रिकामी करून धुतली. घरातल्या हिंगाच्या डबीवर मैदा लिहिलेला सापडला, मी तो आजवर कधी वाचला नव्हता. नवा तवा, परात आणि पोळपाट-लाटणे आणले आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, पिठले आणि ताकातली उकड असा पहिल्या तीन दिवसांचा बेत आईने स्वतः ठरवला आहे. गणपतीत रव्याच्या शिऱ्याऐवजी यंदा उकडीचे मोदकच होतील. काकांच्या सूचनेवरून कागद तपासले, तर पत्ता खरोखरच जुन्या घराचा निघाला आणि तो आता संस्था दुरुस्त करत आहे.

एकच गोष्ट अडली आहे. आमच्या भागातल्या दोन्ही चक्क्यांवर दिवसभर गहू दळला जातो. सकाळी पहिला घाणा म्हणून ज्वारी दळून दिली तर चालेल का?

ग्वाल्हेरची_आई :
नाही. आदल्या रात्रीचा गहू चक्कीच्या पाळ्यांत बसलेलाच असतो. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका.

रामबागकर :
ओळखीच्या एकांकडे वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळते आहे.

ग्वाल्हेरची_आई :
त्यांनी तिच्यात गहूच दळला असेल. नवीच घ्या. आणि रविवारी विमानतळावर जाताना भाकरी, दाण्याची चटणी आणि दोन केळी सोबत न्या, कारण एवढ्या प्रवासात तिला खात्रीचे काही खायला मिळालेले नसेल.