मारायला शिकलो, हुकवायला सेटवर शिकलो: तुमचे अनुभव सांगा

पांढरा पट्टा

बारा वर्षं कराटे केलं. काळा पट्टा मिळाला तशी डोक्यात हवा गेली, की आता सिनेमावाले आपली वाटच बघत असणार. पहिल्याच ऑडिशनला फाइट मास्टर म्हणाले, एक ठोसा मारून दाखव. मारला. ते मॉनिटरवरची नजर न हलवता म्हणाले, "मारलास का?"

"हो."

"मग कॅमेऱ्याला कळवायचं राहिलं."

डोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, बारा वर्षं हेच घोटून घेतलेलं, की ठोसा समोरच्याला कळता कामा नये. खांदा हलायचा नाही, हात कमरेपासून सरळ रेषेत. सेटवर सगळं उलटं. हात मागे जाताना दिसला पाहिजे, ऐसपैस वळण घेऊन आला पाहिजे आणि इतकं करून लागता कामा नये! कॅमेरा एका डोळ्याचा, त्याला अंतर कळत नाही. माझी मूठ आणि समोरच्याचा गाल त्याच्या नजरेच्या एका रेषेत आले, की मध्ये वीतभर जागा असली तरी ठोसा बसलेला दिसतो. रेष जरा सुटली की तोच ठोसा माशी हाकलल्यासारखा. ब्रूस लीलासुद्धा १९६६ च्या अमेरिकन मालिकेत हात सावकाश चालवावा लागला होता, कारण पडद्यावर नुसता फराटा यायचा. हे कळल्यावर माझं मला जरा बरं वाटलं (माझा ठोसा तितका वेगवान नव्हता, हे सोडून द्या).

मार्शल आर्टमधून पडद्याकडे गेलेल्यांनी लिहा. अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांनी तर नक्कीच लिहा. गुळगुळीत यशोगाथा नकोत.

कोलांटी

मी ज्युदोची. आम्हाला सुरुवातीला कितीतरी महिने नुसतं पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळहाताने मॅटवर सणसणीत थाप. तेव्हा वैताग यायचा. पुढे याच पडण्यावर कामं मिळाली.

पण पहिलं काम ऐका. गोळी लागून कोसळायचं होतं. मी पडले, थाप मारली, मेले. कट. "मॅडम, मेलेल्या बाईने जमिनीवर टाळी का वाजवली?" दुसरा टेक, पुन्हा थाप. तिसऱ्याला मी मनात "हात, हात" घोकत होते, तरी थाप. हात माझा राहिलाच नव्हता, सरांचा झाला होता. शेवटी फाइट मास्टरने कुणाची तरी पर्स आणून त्या हातात दिली. पर्स घट्ट धरून पडले आणि शॉट ओके झाला.

बायकांसाठी आणखी एक. पुरुषांच्या जाकिटाखाली कोपराचे, पाठीचे पॅड सहज लपतात. आपल्याला बिनबाह्यांचा तोकडा ड्रेस आणि पडायचं तेवढ्याच उंचीवरून. कपडे कोणते ते आधीच विचारून घ्या.

रिकामटेकडा

मी तायक्वांदोवाला. माझ्या शोरीलमध्ये (काम मागताना दाखवायची आपली चित्रफीत) तीन मिनिटं लाथाच लाथा. बघणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. बोलता येतं का?"

नाटकाच्या वर्गात गेलो तर वेगळीच पंचाईत. मार खाल्ला तरी चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, ही इतक्या वर्षांची सवय. तिथे सहकलाकार तोंडावर अपमान करतेय आणि मी दगड. मला वाटत होतं मी आतून पेटलोय. बाहेर धूरसुद्धा नव्हता.

नवा शोरील एक मिनिटाचा केला. आधी चेहरा आणि आवाज, मग एकच न तोडलेला फाइटचा शॉट. बोलावणी यायला लागली. इंडोनेशियाच्या इको उवैस या नटाचं उदाहरण सगळे देतात, टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर होता आणि दिग्दर्शकाला सिलाट या तिथल्या मार्शल आर्टवरच्या माहितीपटाच्या निमित्ताने सापडला. खरं आहे. पण सापडला तेव्हा त्याच्या अंगात लहानपणापासूनचं सिलाट होतं, हे सांगताना लोक विसरतात.

नाचरी

मी आगंतुक, कारण मी मार्शल आर्ट शिकलेच नाही. नाचातून आले. मिशेल योसुद्धा लंडनमध्ये बॅले शिकत होती, पाठीच्या दुखापतीने ते सुटलं आणि मग ती मारामारीच्या सिनेमांत आली. ब्रूस लीने १९५८ मध्ये हाँगकाँगमध्ये चा-चाची स्पर्धा जिंकली होती. पडद्यावरची मारामारी मात्रा मोजूनच चालते. तीस-चाळीस हालचाली क्रमाने लक्षात ठेवायच्या, जोडीदाराच्या श्वासाला श्वास जुळवायचा. सराव आधी अर्ध्या वेगाने. लढवय्ये इथेच घाई करतात आणि कुणाचा तरी ओठ फुटतो.

आणि ठोशाची किंमत मारणारा नाही, खाणारा ठरवतो. मान उशिरा वळली की सगळं मुसळ केरात.

मागून दिसणारा

वीस वर्षं बॉडी डबल, म्हणजे नटाच्या जागी मार खाणारा. माझी पाठ भरपूर लोकांनी पाहिलीय. चॅड स्टाहेल्स्की १९९९ मध्ये किआनू रीव्ह्जचा डबल होता, २०१४ मध्ये त्याच नटाला घेऊन दिग्दर्शक झाला. आता ऑस्करमध्ये स्टंट डिझाइनला पारितोषिक मिळणार आहे, २०२७ च्या सिनेमांपासून. चांगलं आहे. मला मात्र तोंड न दाखवता पोट भरणं आवडतं.

एकदा एका युनिटने पॅड यायच्या आधीच उडी मारायला लावली, "एकच तर आहे" म्हणून. मारली. गुडघा तीन महिने जाया. पुढच्या वेळी तेच ऐकल्यावर नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. दुसरा गुडघा शाबूत आहे.

पांढरा पट्टा

कोलांटीताई, मदत हवीय. पडणं सुधारावं म्हणून चार महिने ज्युदो केलं आणि आता माझाही हात थाप मारतो. उद्या मरायचा शॉट आहे. पर्स चालणार नाही.

कोलांटी

भूमिका कसली?

पांढरा पट्टा

वेटर.

कोलांटी

मग ट्रे धर ना रे. आवाज फुकटात.