कलस्सै २:१६ मधला शब्बाथ कोणता? आणि कॉन्स्टंटाईनचा मुद्दा

प्रश्न
अभ्यासवर्गासाठी टिपण करतोय. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) शनिवारवरून रविवारी आणला, असं सर्रास ऐकू येतं. कितपत खरं? आणि सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये, असं सांगणाऱ्या कलस्सै २:१६ मधला शब्बाथ आठवड्याचा की सणांचा?

बिरुयावासी
कॉन्स्टंटाईन टिपणातून काढाच. त्याच्या ३२१ सालच्या हुकुमाने न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांना रविवारी विसावा दिला, शेतकऱ्यांना कामाची मुभा ठेवली. रविवारची सभा त्याआधीची: दुसऱ्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने तिचं वर्णन केलंय. वाचन, प्रबोधन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, गरजूंसाठी दान. पण जमणं वेगळं आणि काम थांबवणं वेगळं. वादात नेमकी इथेच गल्लत होते. जस्टिन त्या दिवशी काम बंद ठेवायला सांगत नाही. उलट चौथ्या शतकात लावदिकियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेला २९व्या नियमाने शनिवारचा विसावा मना करावा लागला. म्हणजे तोवर काही ख्रिस्ती तो पाळत होतेच.

सातवा_दिवस
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कलस्सैबद्दल: लेवीय २३:३२ मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवसालाही शब्बाथ म्हटलंय. १७व्या वचनात या गोष्टींना येणाऱ्या गोष्टींची 'छाया' म्हटलंय, ती अशा सणांना लागू होते. सातवा दिवस देवाने उत्पत्ती २:३ मध्ये, पापाच्या आधीच पवित्र केला. तो तारणाची छाया कसा ठरेल?

बिरुयावासी
सण, अमावास्या, शब्बाथ हा क्रम पाहा: वर्षाचा, महिन्याचा, आठवड्याचा. १ इतिहास २३:३१ आणि यहेज्केल ४५:१७ मध्येही हेच तिन्ही एकत्र येतात. वार्षिक दिवस 'सण' यातच आले, मग शब्बाथ आठवड्याचाच उरतो. उत्पत्तीचा मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, तो टाळू नका. त्यावरचं उत्तर असं, की तिथे माणसाला आज्ञा नाही. पाळणूक प्रथम दिसते ती निर्गम १६ मध्ये, सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर (एक माप) मान्ना, म्हणजे देवाने रानात दिलेलं अन्न, गोळा करताना.

टिपणकार
रविवार पाळणाऱ्यांना एकाच गटात टाकू नका. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली म्हणते, शब्बाथ पाळण्याची चौथी आज्ञा कायम आहे, दिवस बदलला. लूथरन मंडळ्यांची १५३० ची ऑग्सबर्ग कबुली म्हणते, शब्बाथ रद्द झाला आणि रविवार सोयीसाठी नेमला. रोमकर १४:५ (कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखेच) पहिल्या गटाला अडचणीचं, दुसऱ्याला आधाराचं. इथियोपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत तर शनिवार-रविवार दोन्ही पाळतात.