प्रतिसाद : 'अ‍ॅलिस, स्वीट अ‍ॅलिस'ही बघा

लहान मुलीवर खुनाचा संशय येतो असे सिनेमे धाग्यात विचारलेत. असं म्हटलं की 'द बॅड सीड' (१९५६) आठवणारच, वर सगळ्यांनी तोच सुचवलाय. पण आल्फ्रेड सोलचा 'अ‍ॅलिस, स्वीट अ‍ॅलिस' (१९७६) कुणीच घेतला नाही याचं नवल वाटलं.

गोष्ट १९६१ सालच्या पॅटरसन, न्यू जर्सीतली. अ‍ॅलिसच्या धाकट्या बहिणीचा पहिल्या कम्युनियनच्या (कॅथलिक मुलांचा चर्चमधला एक धार्मिक विधी) दिवशी चर्चमध्येच खून होतो. खुन्याच्या अंगावर पिवळा रेनकोट आणि तोंडावर मुखवटा. दोन्ही अ‍ॅलिसकडेही आहेत, आणि ती फक्त १२ वर्षांची.

'बॅड सीड'मधली रोडा वरून आदर्श बाळ, आत भलतंच. इथे नेमकं उलट. अ‍ॅलिस पहिल्यापासून खुनशी वाटते, बहिणीला छळते, मोठ्यांना उलटून बोलते. दिग्दर्शक तिची बाजू घेतच नाही, त्यामुळे पुरावा यायच्या आधीच आपण तिला दोषी ठरवून मोकळे होतो. माझ्या मते सिनेमाची खरी भीती इथेच आहे, चाकू-रक्त नंतर. (जिन्यावरचा हल्ला मात्र अंगावर येतो.) अ‍ॅलिस झालेली पाउला शेपर्ड प्रत्यक्षात १२ पेक्षा बरीच मोठी होती, तरी कुठे खटकत नाही.

धाकटी बहीण म्हणजे ब्रुक शील्ड्स, हा तिचा पहिलाच चित्रपट. तिचं काम जेमतेम सुरुवातीपुरतं, पण पुढे ती गाजल्यावर हाच सिनेमा १९८१ मध्ये 'होली टेरर' नावाने पुन्हा आणला! मूळ नाव 'कम्युनियन'. तेव्हा शोधताना तिन्ही नावं टाकून बघा. आणि विकिपीडिया आधी उघडू नका, खुनी कोण ते तिथेच कळेल.