शिक्षक एआयला घाबरतात म्हणे!

खडूधारी
परवा एका सद्‌गृहस्थांनी लिहिलं, "शिक्षकांना एआय नको, कारण त्यांना नवीन काही शिकायचंच नसतं. नोकरी जाईल या भीतीने मुलांची वाट अडवून बसलेत." खाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहायला घेतलं तर भलतंच लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी गणित शिकवते आणि एआय वापरते. सोपी, मध्यम, अवघड अशी सरावाची उदाहरणं झटपट मिळतात. मात्र प्रत्येक उत्तर तपासावं लागतं, कारण चुकीचं उत्तरही ते तितक्याच ठामपणे देतं. माझी तक्रार वेगळी आहे. पोराने वहीत १/२ + १/३ = २/५ लिहिलं की मला लगेच कळतं, याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. आधी ५/६ लिहून, खोडून, मग २/५ केलं असेल तर रीत येते, पण स्वतःवर भरवसा नाही. दोघांना वेगवेगळं समजवावं लागतं. चॅटबॉटकडून उतरवलेल्या स्वच्छ ५/६ मधून मला काय कळणार, कपाळ?

आणि पुरावा हवाच असेल तर तुर्कस्तानात शाळेतल्या जवळपास १००० मुलांवर गणिताचाच प्रयोग झालाय. साधा चॅटबॉट हाताशी होता तेव्हा सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे.

पुढचं_पाऊल
अर्धाच प्रयोग सांगायचा, ही खास शिक्षकी खोड. त्यातच दुसरा गट होता. त्यांच्या बॉटने उत्तर न देता फक्त इशारे दिले. सरावात १२७ टक्के सुधारणा, आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ नाहीसं. म्हणजे दोष वापरण्याच्या पद्धतीचा. कॅल्क्युलेटर आला तेव्हाही हीच रड होती.

खडूधारी
नुकसान टळलं, बरोबर. फायदा झाला का? परीक्षेत तो गट बॉट न मिळालेल्या मुलांच्याच बरोबरीला. शिवाय ते इशारे कुठून आले? शिक्षकांनी पुरवलेल्या माहितीवरून! त्याच आळशी, घाबरट शिक्षकांनी.

पुढचं_पाऊल
बरं बाई, शिक्षक थोर. पण बंदी घालून काय मिळवलं? न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात जाहीर माघार.

त्रस्त_पालक
थोर कसले! आमच्या मुलीने रात्री जागून निबंध लिहिला. बाईंनी तो चॅटबॉटमध्ये चिकटवून विचारलं, "हा तू लिहिलास का?" तो म्हणाला, "हो." झालं, शून्य गुण. त्याला असल्या प्रश्नाचं उत्तर माहीतच नसतं हो! मी बाईंचाच परिपत्रकाचा मजकूर त्यात टाकला, तर तोही म्हणे त्यानेच लिहिलेला. दाखवायला गेलो तर "उद्धटपणा करू नका."

लालपेन
एका बाईंचं खापर सगळ्यांवर फोडू नका. मी भाषा शिकवतो. परवापर्यंत एक वाक्य धड न लिहिणारी पोरं एकदम "सर्वंकष दृष्टिकोन" वगैरे लिहायला लागली. काय समजायचं आम्ही? आजकाल सगळी लबाड आहेत आणि घरचे त्यांना सामील.

त्रस्त_पालक
सगळी लबाड? तोंड सांभाळून. मुलं चांगलं लिहायला लागली की चोर, वाईट लिहिलं की ढ.

शून्य_शेष
लालपेन, एआयचं लिखाण ओळखण्याचं यंत्र हवंय ना? खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधीसोपी वाक्यं लिहिली की पकडले गेलात.

लालपेन
यंत्र नको, कबूल. मग ओळखू कसं ते सांगा. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. युनेस्कोने २०२३ मध्ये वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ सुचवलं. लक्ष कोणी ठेवायचं? शिक्षकाने. नवं ॲप आलं, शिका. तक्ते भरा. त्याच तक्त्यांचा अहवाल पुन्हा दुसऱ्या नमुन्यात भरा. वेळ कोण देतं? प्रशिक्षण म्हणजे दोन तासांचं भाषण आणि हजेरीची सही.

शेवटचा_बाक
म्हणूनच प्रगतिपुस्तकातले शेरे हल्ली एआयकडून येतात वाटतं? आमच्या दोन्ही भाच्यांना शब्दशः एकच शेरा. एक बडबडी, एक मुखदुर्बळ, दोघीही "वर्गात उत्साहाने सहभागी होते."

खडूधारी
ते एआयच्या आधीपासून चालत आलंय, हो. धागा भरकटतोय, पण शेरा लिहून घेणाऱ्या शिक्षकाने मुलांवर डोळे वटारू नयेत, हे मान्य. लालपेन, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घरच्या निबंधाला गुणच देऊ नका. वर्गात लिहून घ्या आणि त्यावर पोराला दोन प्रश्न विचारा.

पुढचं_पाऊल
पन्नास पोरांना दोन-दोन प्रश्न विचारत बसा मग. अभ्यासक्रम एआय पूर्ण करेल.

लालपेन
वर्गातच लिहून घ्यावं, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

त्रस्त_पालक
पहिल्यापासून तुम्ही "सगळी लबाड" म्हणताय. वर जाऊन वाचा. आणि वर्गात लिहून घ्या की, माझी मुलगी उद्या लिहायला तयार आहे. बाईंना वेळ नाहीये.